लेकीच्या दारातली शेगडी

तेहतीस वर्षं झाली, नळदुर्गात हायवेला लागून माझं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक ढाबेवाले. ट्रक उभा राहिला की दहा मिनिटांत ताटात गरम भाजी पडायला हवी, म्हणून त्यांना जाळ लागतो तो भडक. त्यावर माझा इलाज ठरलेला. बर्नरच्या खाली पितळेचा बोटाच्या पेराहून लहान असा एक जेट असतो आणि त्याला मधोमध केसाएवढं भोक. सगळा गॅस त्या भोकातून येतो. बारीक ड्रिल फिरवून ते जरासं मोठं केलं की शेगडी गरजायला लागते. अणदूर, जळकोट, पार उमरग्यापर्यंतच्या ढाब्यांवर माझ्या हातच्या शेगड्या गरजतात. जाळ कमी पडला की भोक मोठं करायचं, हे हातात इतकं भिनलं होतं की त्यासाठी डोकं वापरायची वेळ कधी आलीच नाही.

माझी एकुलती एक लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिथं तिनं लडाखचा मुलगा पसंत केला. मी सहा महिने फुगून बसलो. मग मुलगा घरी आला, दोन दिवस राहिला, आणि मी मुकाट्यानं होकार दिला. इतका सरळ मुलगा मला आमच्या सगळ्या भावकीत शोधून सापडला नसता. लग्न नळदुर्गातच लावलं. लेक लेहच्याही पुढं, आणखी उंचावरच्या एका गावात राहायला गेली. ती तिथल्या शाळेत शिकवते, जावई पर्यटकांच्या गाड्या चालवतो आणि उन्हाळ्यात आठ-आठ दिवस बाहेर असतो.

पाच वर्षं मी तिचं घर पाहिलं नव्हतं. ती दोनदा दिवाळीला येऊन गेली, एवढंच. बायकोनं धोशा लावला होता की एकदा लेकीचा संसार डोळ्यांनी बघू द्या. मी टाळत होतो, आणि त्याचं कारण अंतर नव्हतं. आमच्या घरात एक रीत आहे. मुलगी दिली की नातवंड होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या घरी ती पाळली होती. बहिणीला दुसऱ्याच वर्षी मुलगा झाला, त्यामुळं ती रीत कुणाला टोचायच्या आत संपली. माझ्या लेकीला अजून मूल नव्हतं. मला मात्र त्या रितीत काही वाकडं दिसत नव्हतं. दिलेल्या लेकीचं काही खायचं नाही, तिच्या संसारावर भार टाकायचा नाही, यात तिचाच मान आहे असं मी धरून चाललो होतो.

शेवटी गेल्या वर्षी मी बायकोला म्हणालो, "चल. पण आपली चूल आपल्यासंगं न्यायची."

ढाब्यांवर फिरायचा माझा जुना टेम्पो मी त्यासाठी बांधून काढला. मागं दोन माणसांपुरती फळी, त्यावर गादी, एका अंगाला दोन बर्नरची शेगडी, गॅसच्या टाकीला बाहेरून उघडणारी लोखंडी पेटी. बायकोचे गुडघे दुखतात, त्यांना गरम पाण्याचा शेक लागतो, म्हणून एक छोटा गॅसचा गीझरही मागच्या दाराबाहेर अडकवला. भाच्यानं बघितलं आणि म्हणाला, "मामा, याला कॅम्पर म्हणतात." तेव्हापासून मी पेट्रोल पंपावर सुद्धा ऐटीत कॅम्पर म्हणायला लागलो. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, तूरडाळ असं वीस दिवसांचं सामान भरलं आणि जुलैत निघालो. श्रीनगरपर्यंत शेगडीनं तक्रार केली नाही. रस्त्याच्या कडेला थांबून बायको भाकरी थापायची आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला कॅम्पर दाखवायचो.

नवव्या दिवशी लेकीच्या दारात पोचलो. जावई पर्यटकांना घेऊन बाहेर गेलेला होता. ती धावत आली, आईला मिठी मारली, माझ्या पाया पडली. आत चटई अंथरलेली होती, चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी आत गेलो, घर बघितलं, भिंतीवरचे फोटो बघितले, आणि चहा पुढं आला तसा उठलो. म्हणालो, "गाडी लावून घेतो आधी." तिला कळलं. कप तसाच हातात धरून ती म्हणाली, "बरं आप्पा."

टेम्पो तिच्या कुंपणाला लागून, पण कुंपणाच्या बाहेर लावला. तिच्या अंगणात नळ होता. मी मात्र कॅन घेऊन तीस-चाळीस पावलं चालून गावच्या नळावर जायचो. ते गावाचं पाणी, लेकीचं नव्हे, असा माझा हिशोब. त्या उंचीवर दहा पावलांत धाप लागते, तरी दिवसातून चार खेपा घालायचो. बायकोनं पहिल्याच संध्याकाळी रीत मोडली. "मी आत बसून येते" म्हणून गेली आणि येताना तोंडाला तिकडच्या लोणी-मिठाच्या चहाचा वास होता. मी कानाडोळा केला. तिनंही सांगितलं नाही.

शेगडीनं दुसऱ्या दिवशी सकाळी रंग दाखवायला सुरुवात केली. पहाटेच्या गारठ्यात ती पेटेचना. पेटली तर दिव्याएवढी. मी रेग्युलेटर काढला, फुंकून बसवला. नळी सोडवून बघितली. जोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा कुठंच नाही. मग टाकीला हात लावला आणि उमजलं. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्यूटेन असे दोन वायू मिसळलेले असतात. गारठ्यात ब्यूटेन खालीच बसून राहतो, प्रोपेन तेवढा वर येतो. टाकी उन्हात ठेवली आणि तासाभरात गॅस नीट यायला लागला. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

पण जाळ निळा होईना. पिवळा, लांबडा, लोळणारा. त्याच्यावर भाकरी टाकली की फुगायचं नावच नाही, नुसती वाळायची. डाळ कुकरमध्ये दहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच वाजायची. गीझर तर दोन मिनिटं चालायचा आणि खट्कन बंद. त्याला हवा कमी पडली की आपोआप बंद होण्याची एक कळ असते, तीच पडत होती. ढाब्यावर असता तर मी ती कळ वायरनं जोडून मोकळा झालो असतो. बायको त्या पाण्यानं शेकणार, या विचारानं हात मागं घेतला. एवढी अक्कल शिल्लक होती, पण तेवढीच.

लेक कुंपणाशी येऊन उभी राहायची. "आप्पा, काय मदत करू?" असं विचारायची. मी म्हणायचो, "तेहतीस वर्षं हेच करायलोय मी." ती परत आत जायची. तिच्या खिडकीतून फोडणीचा वास यायचा आणि आम्ही दोघं कच्ची डाळ चावत बसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं होतं. बायको कुडकुडत होती. मी टेम्पोचं दार ओढून घेतलं, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली, आणि मोठ्या बर्नरचा जेट काढून त्यावर ड्रिल फिरवला. जाळ कमी, भोक मोठं. पेटवलं आणि शेगडी अशी गरजली की मला नळदुर्गात आल्यासारखं वाटलं.

"बघ, कशी पेटली!" मी म्हणालो.

बायकोनं दोन भाकरी टाकल्या. तव्याची खालची बाजू काळीकुट्ट झाली होती, ते मला दिसलं आणि मी न बघितल्यासारखं केलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "डोकं लई जड झालंय हो." पहिले काही दिवस उंचीमुळं डोकं दुखतं, असं लेकीनं सांगितलंच होतं. मी म्हणालो, "पड जरा. काळा चहा देतो." चहासाठी मी जाळ आणखी मोठा केला. माझीही कानशिलं ठणकत होती. ती आडवी झाली आणि म्हणाली, "मळमळतंय मला." तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात बाहेरून दार सरकलं. लेक आईला आंघोळीसाठी बोलवायला आली होती. तिनं जाळाकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, आणि आधी टाकी बंद केली. गोधडी ओढून फेकली. आईच्या काखेत हात घालून तिला उन्हात आणलं. बायको दगडावर बसली आणि ओकली. माझी पाचावर धारण बसली. नऊ दिवस गाडी हाकून मी हिला इथं आणली ती याच्यासाठी का, एवढं एकच डोक्यात फिरत राहिलं.

गावात छोटा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टरनं तिला तास-दीड तास ऑक्सिजन लावला. माझी बोटं बघितली, डोळे बघितले आणि मलाही थोडा वेळ लावला. दुपारपर्यंत बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. "भाकरी करपली असंल तिकडं," हे तिचं पहिलं वाक्य. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. लेक शेजारी येऊन बसली.

"आप्पा, जेटचं भोक मोठं केलंव का तुमी?"

"व्हय."

"इथं हवाच विरळ हाय. गॅस येतो तेवढा जळायला हवा पुरत न्हाय, म्हणून जाळ पिवळा पडतो. तुमी त्यात अजून गॅस सोडला, वर दारं-खिडक्या लावल्या. अर्धवट जळलेल्या गॅसचा विषारी वायू आतच कोंडला. इथं भोक लहान करावं लागतं, आप्पा."

शाळेतल्या पोरांना सांगावं तसं तिनं सांगितलं, अजिबात न चिडता. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

ती हसली. "रुखवतात तुमी मला शेगडी दिली व्हती ना? सगळ्यांत गरजणारी म्हणून. इथं आणल्यावर पहिल्याच दिवशी सगळी भांडी काळी. मग लेहच्या मिस्त्रीनं दोन्ही जेट बदलून दिले. तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाय."

ती शेगडी मी तीन दिवस खपून तयार केली होती. लेकीला जाळ कमी पडू नये म्हणून भोकं स्वतःच्या हातानं पाडली होती.

मग तीच म्हणाली, "अजून एक विचारू? मला मूल झालंच न्हाय तर?"

मी तिच्याकडे बघितलं.

"दोनदा राहिलं व्हतं. दोनदा गेलं. आईला माहीत हाय. तुमाला सांगू नको म्हणून मीच म्हणले व्हते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी कॅन घेऊन गावच्या नळावर जाता ना, ते मला खिडकीतून दिसतं. धापा टाकत जाता. दर वेळेला वाटतं, आप्पा मोजायलेत. अजून न्हाय, अजून न्हाय."

ज्याला मी पाच वर्षं तिचा मान समजत होतो, त्यानं तिला रोज टोचलं होतं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. माझ्या तोंडून आलं ते एवढंच, "बघू." आजही त्या शब्दाची मला लाज वाटते. वडिलांचा चेहरा समोर येत होता. बहिणीच्या ओसरीवर बसून त्यांनी नाकारलेला पाण्याचा तांब्या आठवत होता. एवढ्या वर्षांचा हट्ट दवाखान्याच्या पायरीवर सोडून उठणं मला जमलं नाही.

लेकीनं पुन्हा विषय काढला नाही. आईला तिनं त्या दिवशी स्वतःच्या घरात झोपवलं आणि मी टेम्पोची दारं-खिडक्या सगळं उघडं टाकून एकटाच पडलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती टेम्पोपाशी आली आणि माझ्या तळहातावर एक जेट ठेवला. बारीक भोकाचा.

"हा बसवा," ती म्हणाली. "पण दार उघडं ठेवून पेटवायचं. आईला आता कच्ची डाळ नका घालू. तुमची रीत तुमी पाळा, आप्पा. मी न्हाय काय म्हणत."

ती गेली. मी जेट उन्हात धरून बघितला. पितळ वापरून काळपटलेलं होतं, आट्यांना तेलकट चिकटा होता. तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मला शेगडीची घाई झाली होती. आमच्या गिऱ्हाइकांसारखीच.

जुना जेट काढला, हा बसवला. दार उघडं, खिडक्या उघड्या. काडी लावली. जाळ बारीक आला, पण निळा. कडेला एक पिवळं टोकसुद्धा नाही. मी पीठ मळलं, माझ्या हाताला जमेल तशी वेडीवाकडी भाकरी थापली, टाकली. उलटवली आणि ती टम्म फुगली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बायको उन्हात खुर्चीवर बसली होती. मी भाकरी वर धरून तिला दाखवली.

"झालं का तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली.

लेकीला तरी सांगावं म्हणून मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती पाठमोरी होती. शेगडी माझीच, रुखवतातली. एका बर्नरवर डाळ शिजत होती. दुसऱ्यापाशी चिरलेली भाजी, मळलेलं पीठ आणि तवा नुसते ताटकळत होते. डाळ उतरल्याशिवाय तवा चढणार नव्हता. तिथल्या कुकरला डाळीसाठी किती वेळ लागतो, हे आता मला पुरतं कळलं होतं. बंद बर्नरची चकती जरा तिरकी बसली होती. अशी चकती दिसली की माझा हात थांबत नाही. पुढं होऊन मी ती उचलली. खाली जेटची जागा रिकामी होती.

लेक वळली. चोरी पकडल्यासारखी तीच ओशाळली.

"एकावर भागतं माझं," ती म्हणाली. "तुमी हाय तवर."

मी टेम्पोकडे गेलो, शेगडी बंद केली आणि बर्नर गरम असतानाच पाना लावला. दोन बोटं भाजली. तो जेट घेऊन परत आत आलो, तिच्या शेगडीत बसवला, आटे नीट आवळले, चकती सरळ केली आणि काडी लावली. तोपर्यंत बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"टाक भाकरी," मी लेकीला म्हणालो. "भूक लागलीय मला."

तिला खरं वाटेना. "आप्पा, अजून तर काय न्हाय," ती हळूच म्हणाली.

"कशाचं काय न्हाय?" माझा आवाज उगाच चढला. चूक माझी असली की तो चढतोच. "लेक हाय ना मला? मग अजून काय व्हावं लागतं? चुकलो मी, बाय. लई चुकलो."

मी तिथंच चटईवर मांडी घातली. तिनं पीठ हातात घेतलं, पण भाकरी नीट थापेना. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात उचलायची आणि पिठाचा पट्टा गालावर उमटायचा. बायको म्हणाली, "सर, मी थापते," तर लेकीनं तिला पिठाला हात लावू दिला नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि ती उलटायचं विसरून माझ्याकडेच बघत राहिली. मग घाईघाईनं काढून माझ्या ताटात वाढली, वर डाळ घातली.

एका बाजूनं करपली होती ती. मी सगळी खाल्ली आणि दुसरी मागितली.